काम मुलांचे, विस्तव मोठ्यांचा

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीचे पाच विद्यार्थी मधल्या सुटीत आमच्याकडे आले. त्यांच्या हाती चार घड्या घातलेला एक मोठा कागद होता व त्यावर एका अग्निबाणाची आकृती काढलेली होती. अमेरिकेतील शाळकरी मुले माणसाहूनही उंच अग्निबाण तयार करून मैलभर उंच सोडतात, ही गोष्ट त्यांच्या पाहण्यात आली होती. "सर, ती मुले करतात, मग आम्ही का करू नये?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते. ही वार्ता घरोघरी पोहोचताच पालकांकडून दोन प्रकारचे निरोप आले. एका सद्गृहस्थांनी कळविले की, हे वेड मुलांच्या डोक्यातून मुळासकट उपटून टाकावे. दिवाळीत धाकट्याचा हात भाजला तेवढे पुरे झाले. दुसऱ्यांनी कळविले की, खर्चाची काळजी नको. ओळखीच्या कारागिराकडून प्रदर्शनापुरता अग्निबाण करवून घेऊ आणि त्यावर मुलांची नावे घालू. दोघांचेही आपल्या मुलांवर निरतिशय प्रेम आहे, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु आमच्या अल्पमतीप्रमाणे दोघांची चूक एकच आहे. दोघेही मुलांचे काम मुलांच्या हातून काढून घेऊ पाहतात. एक नकार देऊन, तर दुसरे दाम देऊन.

हा दोष केवळ पालकांच्या पदरी बांधून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एका विद्यार्थ्याची पवनचक्की काही केल्या फिरेना, तेव्हा आम्हीच ती उघडून नीट करून दिली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी "ही कशी चालते?" असे विचारताच त्या मुलाने आमच्या तोंडाकडे पाहिले. उत्तर आम्ही दिले. बक्षीस मिळाले, परंतु ते कोणाचे, हे तो मुलगा जाणत होता व आम्हीही जाणत होतो.

आता अमेरिकेतील ती मुले खरोखर काय करतात ते पाहू. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात कोलवूड नावाचे कोळशाच्या खाणीचे एक लहान गाव होते. तेथील होमर हिकम हा मुलगा व त्याचे सोबती यांनी त्यानंतर अग्निबाण बनविण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात आईच्या गुलाबबागेचे कुंपण उडाले. तेथेच ही कथा संपावयाची; परंतु खाणीच्या कारखान्यातील कारागिरांनी त्यांस धातूचे भाग घडवून दिले, आणि फ्रीडा रायली नावाच्या त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्या हाती एक कठीण शास्त्रीय ग्रंथ ठेवला. तो समजावा म्हणून ही मुले आपण होऊन उच्च गणित शिकली! १९६० साली त्यांच्या कामास राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पदक मिळाले, आणि हिकम पुढे नासा या संस्थेत अभियंता झाला. ही हकीकत त्याने १९९८ साली 'रॉकेट बॉइज' या पुस्तकात लिहिली आहे.

परंतु या कथेची दुसरी बाजू आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. त्याच काळात त्या देशातील असंख्य मुले लोखंडी नळ्यांत हाताने दारू ठासून अग्निबाण उडवू लागली. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे डोळे गेले, आणि काहींचे प्राणही गेले. यावर बंदी हा एकच उपाय सुचणे स्वाभाविक होते. तथापि दोन गृहस्थांनी निराळा मार्ग काढला. नेब्रास्का प्रांतात जोड्यांचे दुकान चालविणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी पुठ्ठ्याच्या नळीचा, हवाई छत्रीने खाली येणारा व पुन्हा पुन्हा उडविता येणारा लहान अग्निबाण तयार केला होता. १९५७ साली त्यांनी तो हॅरी स्टाइन यांस दाखविला. स्टाइन हे व्हाइट सँड्स येथील सरकारी अग्निबाण केंद्रात काम करीत असत. या दोघांच्या उद्योगातून नियम बांधले गेले: धातूची नळी नको, दारू हाताने भरावयाची नाही, मोटर कारखान्यात तयार झालेलीच घ्यावयाची, आणि पेटवावयाचे ते दूर उभे राहून विजेच्या साहाय्याने. अशा रीतीने मुलांची हौसही राहिली व बोटेही राहिली.

आमच्या विद्यार्थ्यांनी ज्यांची चित्रे पाहिली ते अग्निबाण याहून पुष्कळ मोठे, म्हणजे 'उच्चशक्ती' वर्गातले आहेत. तेथे मोटरची शक्ती इंग्रजी अक्षरांनी दर्शवितात, आणि प्रत्येक पुढल्या अक्षराची कमाल मर्यादा मागल्याच्या दुप्पट असते. 'ए' अक्षराची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, सहा वेळा दुप्पट होऊन 'जी' अक्षराची १६० होते, आणि त्यापुढे 'एच'पासून उच्चशक्ती सुरू होते. तेथून पुढे प्रमाणपत्रावाचून पाऊल टाकता येत नाही. प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत, आणि पूर्ण प्रमाणपत्र अठरा वर्षे वय झाल्यावाचून मिळत नाही. त्याहून लहान मुलांनी काम करावयाचे ते प्रमाणपत्रधारक प्रौढाच्या देखरेखीखालीच. वारा ताशी वीस मैलांहून अधिक असेल तर उड्डाण नाही. कळ दाबूनही मोटर पेटली नाही, तर एक मिनिट जाईपर्यंत कोणी जवळ जावयाचे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी ज्वाळा पाहिली. हे एक मिनिट थांबणे मात्र त्यांनी पाहिले नव्हते.

नासातर्फे विद्यार्थ्यांसाठी 'स्टुडंट लाँच' नावाचा एक उपक्रम चालविला जातो. त्याच्या नियमांतील कामाची वाटणी आम्हांस विशेष मननीय वाटते. आराखडा, बांधणी, अहवाल, परीक्षकांसमोर निवेदन, उड्डाणाची तयारी ही सर्व कामे संपूर्णपणे विद्यार्थ्यांनीच करावयाची. अपवाद काय तो मोटर जुळविण्याचा व दारूला हात लावण्याचा. ते काम मार्गदर्शकाचे. शिवाय काही हानी झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उद्भवू नये म्हणून अग्निबाणाचा मालक मार्गदर्शकच समजावयाचा. काम मुलांचे, विस्तव मोठ्यांचा, आणि जबाबदारीही मोठ्यांची. पालकधर्माची व शिक्षकधर्माची याहून थोडक्यात व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

उड्डाणापूर्वी अनेक महिने परीक्षणे चालतात. प्रथम कच्चा आराखडा, मग पक्का आराखडा, मग उड्डाणाची सिद्धता. प्रत्येक वेळी जाणते लोक प्रश्न विचारतात व मुलांना उत्तरे द्यावी लागतात. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभूने दिला आहे. तो या मुलांना शब्दशः पाळावा लागतो. तसेच, शाळकरी मुलांसाठी त्या देशात जी दुसरी मोठी अग्निबाण-स्पर्धा २००३ सालापासून सुरू झाली, तीत सर्वांत उंच जाणाऱ्यास बक्षीस नाही. नेमून दिलेल्या उंचीच्या जो सर्वांत जवळ जाईल, नेमल्या वेळात खाली येईल, आणि आत ठेवलेले कच्चे अंडे न फोडता परत आणील, तो जिंकतो. विद्यार्थिमित्रहो, हे ध्यानात ठेवा. तेथे मोठेपणाचा मान नाही, मोजमापाचा आहे.

कोणी म्हणेल, हा श्रीमंत देशाचा खेळ आहे. आमच्या मुलांना त्याचे काय? याचे अर्धे म्हणणे खरे आहे. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आहे, आणि परवान्यावाचून दारू बनविणे हा गुन्हा आहे. म्हणून आम्ही त्या पाच विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले की, फटाके फोडून त्यांची दारू गोळा करणे हे शास्त्र नव्हे, आत्मघात होय. परंतु नकार देऊन आम्ही थांबलो नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी व सायकलच्या पंपाची हवा भरून उडणारा अग्निबाणही न्यूटनचाच नियम पाळतो. पंप आमच्या हाती राहील, दोरी दुरून ओढावयाची, डोळ्यांस चष्मा हवाच. बाकी सर्व काम त्यांचे. कोनमापकाला ओळंबा बांधून उंची कशी मोजावी, हे शोधता शोधता त्यांनी दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमिती एक वर्ष अगोदर गाठली. पहिली सहा उड्डाणे वाकडी गेली. सातव्या वेळी आमचा हात मदतीसाठी पुढे झाला होता; त्या पवनचक्कीची आठवण होऊन तो आम्ही मागे घेतला. त्या दिवशीही अग्निबाण वाकडाच गेला. पुढच्या शनिवारी त्यांनी पंख स्वतः बदलले, आणि तो सरळ गेला.

आणि आपला देश या विषयात अगदीच परका आहे असेही नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून आपल्या देशातील पहिला संशोधक अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. त्या कामासाठी जागा हवी होती, तेव्हा बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने तेथील मच्छीमारांच्या वस्तीने आपले सेंट मेरी मॅग्डालीनचे उपासनामंदिर शास्त्रज्ञांस दिले, आणि त्या पवित्र वास्तूतच प्रारंभीचे काम चालले. त्या मच्छीमारांना अग्निबाणाचे शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु तरुणांच्या कामास जागा करून देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे, एवढे ते जाणत होते.

पालक बंधुभगिनींनो, येत्या प्रदर्शनाच्या वेळी आपणांस आमची एकच विनंती आहे. मुलाची वस्तू ओबडधोबड असली तरी ती त्याचीच असू द्या. आपला हात विस्तवावर ठेवा, त्याच्या कामावर नको. आणि विद्यार्थिमित्रहो, "आज नको" असे वडिलांनी सांगितले तर तो पराभव समजू नका. वारा पडेपर्यंत थांबणे हादेखील उड्डाणाचाच भाग आहे. आमच्यापुरते आम्ही वचन देतो की, परीक्षकांनी प्रश्न विचारला असता यापुढे उत्तर आम्ही देणार नाही.