वरून रंग, आतून कुज

पावसाळा तोंडावर आला की उपडी पडलेली फायबरची नाव आठवते. भेगांवर पट्टी, वर रंग, झालं काम! सरपंचसाहेब, आधी हातोडीच्या दांड्यानं तळ ठोकून पाहा. फायबर कुजत नाही, पोटातलं प्लायवूड कुजतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं न् आतच मुरतं. आवाज बद्द आला तर पट्टी म्हणजे निव्वळ धूळफेक. इंजिन टांगायची मागची फळी तर तपासाच. भर पुरात तीच निखळली तर? कुजकं लाकूड पार काढा, नाव पुरती वाळू द्या, मगच मरीन प्लाय बसवून फायबर चढवा. खर्च आहेच. पण १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यात झुंजजवळ नाव उलटून ११ जण गेले. तिथं माणसं जास्त बसली होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. अन् पाणी मुरलेली नाव तर रिकामीच जड असते.