वरातीतला ट्रम्पेट

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे कार्यालयांची धांदल सुरू होते. त्याच सुमारास जयपुरात देवउठनी एकादशी येते आणि गल्लीबोळांतून बँड निघतात. लाल कोट, सोनेरी झालर, घोडीवर नवरदेव, दोन्ही बाजूंना दिवे घेऊन चालणारी पोरं! वऱ्हाडी नाचतात, फोटो निघतात. फोटोत बँडवाला मात्र शोधूनही सापडत नाही.

अशा वादकांना २०१५ साली एक वेगळाच जोडीदार भेटला. 'रेडिओहेड' या इंग्लंडमधल्या गाजलेल्या रॉक बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवूड! इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर यांच्यासोबत तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात मुक्कामाला आला. कव्वाल, मांगणियार आणि ट्रम्पेट फुंकणारे ब्रासवाले, असा मेळा जमला. नाव ठेवलं 'राजस्थान एक्स्प्रेस'. स्टुडिओ कसला? किल्ल्यातलं दालन आणि जमिनीवर बैठक. मध्येच वीज जायची, कबुतरं आत शिरायची. त्यातून 'जुनून' हा अल्बम तयार झाला आणि पॉल थॉमस अँडरसन यांनी त्याच नावाचा माहितीपटही काढला. त्यात आमीर भियानींचा ट्रम्पेट ऐकावा. हा परदेशी गिटारवाला तिथे मिरवत नाही, मेळ्यातला एक होऊन वाजवतो.

यात नवल नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये गिटार-ड्रम बडवून जे संगीत घडवलं, त्याला 'गॅरेज रॉक' नाव पडलं. कानाने ऐकायचं, हाताने बसवायचं आणि जीव ओतून वाजवायचं. आपले बरेचसे बँडवाले दुसरं काय करतात? फरक एवढाच, की तिथे लोक तिकीट काढून समोर उभे राहतात, इथे पाठ फिरवून नाचतात.

जयपूरच्याच हमीद खान यांनी उभारलेला 'जयपूर कावा ब्रास बँड' युरोपातल्या महोत्सवांत वाजला. तिथे टाळ्या मिळतात, इथे मात्र डीजेची गाडी आली की बँडची सुपारी जाते. सुपारी गेली की त्या हंगामाची कमाई गेली. मग मुलगा बापाचा ट्रम्पेट कशाला हातात घेईल?

पुढच्या वरातीत एक करा. पाच मिनिटं नाच थांबवून नुसतं ऐका. गाणं संपलं की टाळ्या वाजवा. आणि पाण्याचा ग्लास पुढे करताना वाजवणाऱ्याचं नावही विचारा!