बोचकारणारे पिल्लू आणि घरातली मुले

घरात मांजरीचे पिल्लू आले की पहिले आठ दिवस त्याचे कौतुक होते. मग सोफ्याच्या कडेचे धागे लोंबू लागतात, वेताच्या खुर्चीची वीण उसवते आणि पिल्लाला गोणत्यात घालून भाजीबाजारात सोडून यावे असे घरात ठरते. आमच्या मते हा निर्णय निर्दय तर आहेच, पण आरोग्याच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

मांजर खोडी काढायची म्हणून खरवडत नाही. नखावरचे जुने टरफल गळून खालचे नवे नख मोकळे करणे, झोपेतून उठल्यावर पाठ व खांदे ताणणे आणि पंजातील ग्रंथींचा वास लावून ‘ही जागा माझी’ असे जाहीर करणे, ही तिन्ही कामे त्यात होतात. म्हणून ‘खरवडू नकोस’ हे त्याला कधीच शिकवता येणार नाही. ‘तिथे नको, इथे’ एवढे मात्र शिकवता येते, आणि त्यासाठी पिल्लूपणाइतके चांगले वय नाही.

उपाय अगदी घरगुती आहे. अडीच-तीन फूट उंचीची जाड फळी घ्यावी आणि त्याच गोणत्याचे गोणपाट तिच्यावर घट्ट ताणून बसवावे. खिळे मागच्या बाजूने मारावेत. गोणपाट नसेल तर सुतळी किंवा काथ्या जवळजवळ गुंडाळावा. फळी भिंतीला पक्की हवी. ती डगमगली की पिल्लू पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. पुष्कळजण फळी करतात आणि ती मागच्या पडवीत ठेवून मोकळे होतात. तिथे तिचा काही उपयोग नाही. ज्या सोफ्यावर पिल्लाचा डोळा आहे त्याच्या अगदी शेजारी ती उभी करावी, आणि सोफ्याच्या त्या कोपऱ्याला महिनाभर जाड प्लास्टिक बांधावे. फळीला नखे लावली की लगेच सुकटीचा तुकडा द्यावा. गोणपाट फाटून चिंध्या लोंबल्या तरी बदलण्याची घाई करू नये, कारण आपला वास लागलेली जुनी जागाच मांजराला आवडते.

दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापावीत. नखातून गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडचे पांढरे टोक तेवढेच कापायचे.

सोफ्यावर फिनेल शिंपडणे किंवा डांबराच्या गोळ्या ठेवणे हे मात्र कटाक्षाने टाळा. मांजर पंजे चाटते आणि हे पदार्थ त्याच्या यकृताला पचत नाहीत. पिल्लू मरू शकते. परदेशात शस्त्रक्रियेने नखे काढून टाकण्याची पद्धत होती. त्यात नखाबरोबर प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते! अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. कोणी असे सुचवलेच तर साफ नकार द्यावा.

आता मुख्य मुद्दा. पिल्लाला मारले की ते घाबरते, आणि घाबरलेले पिल्लू सोफा सोडून हात बोचकारते. हात बहुधा घरातल्या मुलाचा असतो. ‘आणखी एक ओरखडा दिसला तर मांजर बाहेर’ असा दम मुलाने ऐकलेला असतो. मग ते बाही खाली ओढते आणि गप्प बसते. सोफ्यासाठी दिलेला हा दम फार महागात पडू शकतो. रेबीज आपल्याकडे मुख्यत्वे कुत्र्यांमुळे होतो हे खरे, पण तो मांजरामुळेही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून ओरखडा उठला की जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. रक्त आले नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००४ सालीच बंद झाली. आता सरकारी रुग्णालयात दंडावर, कातडीत लस देतात: पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ दिवसांनी. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी.

पिसवा झालेल्या पिल्लाच्या ओरखड्यातून आणखी एक जंतू शिरतो. एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेला गाठ येते, बारीक ताप राहतो. बहुतेकांत तो आपोआप बरा होतो. पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दुर्लक्ष करू नये. ओरखड्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण तोवर ओरखडा बुजलेला असतो आणि गाठ कशाची हे कोणालाच आठवत नाही.