वयाचा हिशेब आणि 29 फेब्रुवारी

2024 च्या जून महिन्यातली गोष्ट. पहिलीच्या प्रवेशाची यादी करायला बसले होते. मुलांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये भरल्या, 31 डिसेंबर 2024 मधून जन्मतारीख वजा केली आणि आलेल्या दिवसांना 365 ने भागले. आपल्या राज्यात पहिलीसाठी त्या तारखेला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. ज्याच्या नावापुढे सहा किंवा जास्त, तो पहिलीत, इतका सोपा हिशेब.

2 जानेवारी 2019 ला जन्मलेल्या एका मुलीपुढे नेमका 6 आकडा आला. तिच्या आईला मी सांगूनही टाकले, "बेटी पहिलीत बसेल." दोन दिवसांनी दाखला पुन्हा हातात घेतला, बोटांवर मोजले आणि चूक कळली. आईला परत बोलावले. रोजंदारी बुडवून ती लोणखेड्याला आली. म्हणाली, "आपा, दाखला तर तोच आहे. मग परवा सहाची होती ती आज पाचची कशी झाली?"

चूक दाखल्यात नव्हती, माझ्या भागाकारात होती. 2020 आणि 2024 ही दोन्ही लीप वर्षे. मुलीची सहा वर्षे 2192 दिवसांनी, 2 जानेवारी 2025 ला पूर्ण होणार होती. मी मात्र 2190 दिवसांवरच तिला सहाची करून टाकले.

काही जण 365 ऐवजी 365.25 ने भागतात. तेही धोक्याचे. 1 जून ही तारीख आपल्या खेड्यांत नवी नाही. जन्माची नोंद नसली की पूर्वी गुरुजी हीच तारीख लिहीत. समजा, मूल 1 जून 2020 चे आहे. 1 जून 2026 पर्यंत 2191 दिवस होतात. 365.25 ने भागले तर 5.9986 येते. वाढदिवसाच्या दिवशीच मूल पाचचे राहते!

म्हणून भागाकार करूच नका. डेटडिफ हे सूत्र वापरा. इंग्रजी स्पेलिंग डी-ए-टी-ई-डी-आय-एफ. कंसात आधी जन्मतारीख, मग हवी ती तारीख आणि शेवटी अवतरणचिन्हात वाय. टाइप करताना एक्सेल हे सूत्र सुचवत नाही, पूर्ण लिहावे लागते. पूर्ण वर्षांसाठी ते चालते. वरचे उरलेले दिवस काढणारा एमडी हा पर्याय मात्र टाळा, त्यात चुका होतात हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे.

29 फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलांचा पेच वेगळा. 2020 च्या अशा मुलाला डेटडिफ 1 मार्च 2025 ला पाच वर्षांचे मानते. तारखेत महिने मिळवणारे ईडेट सूत्र मात्र 28 फेब्रुवारी सांगते. एकाच शीटमध्ये दोन उत्तरे! अशा नावापुढे खूण करा आणि नियम विचारून घ्या.

मुंबई राज्याचे मुख्यमंत्री व पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई 29 फेब्रुवारी 1896 चे. 1900 ला 100 ने भाग जातो, 400 ने नाही. म्हणून ते लीप वर्ष नव्हते. ती तारीख त्यांच्या आयुष्यात परत आली ती थेट 1904 मध्ये. एक्सेल मात्र 29 फेब्रुवारी 1900 ही नसलेली तारीख आजही दाखवते. लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक. त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली.

घरी जकातीचे वर्ष शीटमध्ये लिहिणाऱ्यांनीही जपावे. चांद्रवर्ष 354 किंवा 355 दिवसांचे. दरवर्षी 365 दिवस मिळवत गेलात तर दहा वर्षांत तारीख साडेतीन महिन्यांनी मागे पडते. तिथे चांदाची तारीखच लिहून ठेवावी.

ती मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत बसली. तेव्हापासून मी जन्मतारीख आधी आईसमोर मोठ्याने वाचते, सहावा वाढदिवस कधी ते दोघी मिळून मोजतो, आणि मगच शीटकडे बघते.