बत्तीसवर अडलेला हात

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना गेल्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पाय दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी आला, हात मागे राहिला. मग परदेशातल्या मुलाने ऑनलाइन शोधून एक हातमोजा पाठवला. डब्याएवढा पंप, त्यातून निघालेल्या नळ्या आणि प्रत्येक बोटाच्या पाठीवर रबराची घड्या घातलेली नळी. बटण दाबलं की फुस्स करून मूठ उघडते, फुस्स करून मिटते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘रोबोट’. काका तो चढवून संध्याकाळची मालिका बघतात. वीस मिनिटं झाली की काकू बटण बंद करतात आणि म्हणतात, ‘झाला बाई हाताचा व्यायाम.’

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते ऐकून ‘यंत्रंबिंत्रं सगळं थोतांड’ म्हणत मान हलवणाऱ्यांशीही आहे, त्यांच्याकडे नंतर येतो.

पक्षाघातात हाताचं हाड, सांधा, स्नायू यातलं काही मोडलेलं नसतं. मेंदूतून कण्याकडे उतरणारी वाट गुठळीने किंवा रक्तस्रावाने तुटते आणि बोटं उघडण्याचा हुकूम खाली पोचत नाही. शाबूत राहिलेल्या मेंदूने वळसा घालून नवी वाट पाडायची असते, आणि ती पडते प्रयत्नाने. हुकूम सोडायचा, बोट हललं का ते बघायचं, चुकलं कुठे ते हेरायचं, पुन्हा सोडायचा. मालिका बघणारे काका हुकूम सोडतच नाहीत, पंप सोडतो. सांधे आखडू नयेत, बोटं जरा सैल व्हावीत, एवढ्यापुरता मोजा उपयोगी आहे हे मला कबूल आहे. पण त्या वीस मिनिटांत व्यायाम झाला तो पंपाचा.

यावर यंत्रांचे कैवारी म्हणतील, स्वस्तातल्या मोज्यावरून रोबोटला नावं ठेवू नका. रास्त आहे. अंधेरी पश्चिमेला चार बंगल्यांजवळच्या कोकिळाबेन रुग्णालयात पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे, रोबोटिक उपचार आहेत. चांगली यंत्रं पेशंटचा प्रयत्न मोजतात आणि तो जिथे कमी पडेल तिथेच टेकू देतात. (जाता जाता: या जातीच्या सगळ्याच यंत्रांत मोटार असते असं नाही. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं ‘आर्मिओ स्प्रिंग’ नावाप्रमाणे स्प्रिंगवर हाताचं वजन तोलून धरतं. त्याला रोबोट म्हणणं म्हणजे तराजूला कॅल्क्युलेटर म्हणणं, पण काम ते नेकीने करतं.)

तरीही ‘रोबोटवर बसवा, हात येईल’ हा जो समज हिंडतो आहे, त्याची कसून परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर केलेल्या ‘रॅटुल्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अमेरिकेतल्या एमआयटीत घडलेला नामांकित रोबोट, आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तास, बारा आठवडे. हाताने प्रत्यक्ष वस्तू उचलण्या-ठेवण्याच्या कसोटीवर रोबोटवाले नेहमीच्या उपचारवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. त्याआधी २०१६ साली ‘एव्हरेस्ट’ नावाची चाचणी झाली. १४१ पेशंटपैकी काहींना निन्टेंडोचा वी हा व्हिडिओ गेम दिला, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असले बैठे खेळ. दोन आठवड्यांनी दोन्हीकडचे हात सुधारले आणि दोघांत फरक दिसला नाही. पत्त्यांचा जोड केवढ्याला पडतो ते बोरिवली स्टेशनबाहेर विचारून यावं.

इथे दुसरा पक्ष टाळी वाजवतो. ‘आम्ही म्हणतच होतो. माणसाचा हात तो माणसाचा हात.’ थांबा. रॅटुल्समध्ये तिसराही एक गट होता. त्याला तेवढाच जादा वेळ, तेवढेच आठवडे, थेरपिस्टने स्वतः शिकवलं होतं. मुख्य कसोटीवर तोही गट पुढे गेला नाही. आणि २०१८ साली वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ४५ चाचण्यांतल्या १६१९ पेशंटचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा यंत्राच्या मदतीने सराव केलेल्यांचा हात, त्याची ताकद आणि रोजची कामं यांत सुधारणा दिसली होती. मोठी नव्हे, पण थोतांडही नव्हे.

या पक्षाचं दुसरं लाडकं म्हणणं असं, की घरच्यांनी मायेने करून घेतलं की झालं, थेरपिस्ट कशाला? आपल्याकडे हे सहज पटतं, कारण घरात सून असते, मुलगी असते, आणि त्यांना दुसरं काही काम नसतं असं आपण गृहीत धरलेलं असतं. हे म्हणणंसुद्धा तपासलं गेलं आहे, तेही भारतात. ‘अटेंड’ चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले १२५० पेशंट होते. अर्ध्यांच्या घरच्यांना रीतसर शिकवून पुनर्वसन त्यांच्या हाती दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांच्या मायेत खोट नव्हती. पण थोडं शिकवून, जबाबदारी अंगावर टाकून मोकळं होण्याला पुनर्वसन म्हणता येत नाही.

घरचा उपाय कसा उलटा पडतो याचा नमुना म्हणजे तो पिवळा स्माइली बॉल. पेशंट घरी आला की कुणीतरी तो आणतंच. ‘दाबत राहा, ताकद येईल.’ पक्षाघातानंतर बहुतेकांची मूठ आपोआपच वळते, घट्ट होते, अडतं ते उघडण्यापाशी. ज्याला दार उघडता येत नाही त्याच्याकडून आपण दिवसभर दार लावण्याचा सराव करून घेतो. आमच्या काकांच्या टीपॉयवरही बॉल होताच. मोजा आला तेव्हा तो नातवाकडे गेला, हे मोज्याचे मोठेच उपकार.

तिसरा एक समज दोन्ही पक्षांना मान्य आहे, म्हणून जास्त धोक्याचा. ‘सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढे काही नाही.’ पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात हातासाठी जो खास कार्यक्रम चालतो, त्यात पेशंट येतात तेच मुळी स्ट्रोकला बरेच महिने उलटल्यावर, पुष्कळसे वर्ष-दीड वर्षाने. तीन आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास. एकूण ९० तास. २०१९ साली त्यांनी २२४ पेशंटची आकडेवारी मांडली. सुधारणा ठळक होती आणि सहा महिन्यांनंतरही टिकली होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, हा त्यातला उणेपणा मी झाकत नाही. मात्र ९० तास हा आकडा लक्षात ठेवा. आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास फिजिओ घरी येत असेल, तर आपल्याकडे तेवढे तास भरायला ६० आठवडे लागतात. मग आपण सहाव्या महिन्याला हात टेकतो आणि दोष मेंदूला देतो.

तर मग माझं म्हणणं काय? आकडा आणखी एक आहे, आणि माझा सगळा पक्ष त्यावर उभा आहे. २००९ साली अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी थेरपीच्या ३१२ बैठका शेजारी बसून मोजल्या. हाताचा कामाचा सराव असलेल्या बैठकीत कामाच्या हालचाली सरासरी किती? ३२. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांवरून ‘मेंदू नवी वाट पाडतो’ हे आपण शिकलो, त्यात रोजच्या शेकड्यांनी होत्या. बत्तीस वेळा गिरवून मुलाला ‘ग’ तरी येईल का? थेरपिस्ट आळशी असतात असं नाही. अर्ध्या तासात खांदा सैल करायचा, बोटं सोडवायची, बसवायचं, उठवायचं, घरच्यांच्या शंका ऐकायच्या, त्यातून उरतील त्या बत्तीस.

यंत्राची खरी जागा इथे आहे. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, आणि मोजताना खोटं बोलत नाही. थेरपिस्ट एका पेशंटचा खांदा धरून बसला असेल तेव्हा बाकीचे तिघे आपापल्या साध्या उपकरणावर प्रत्येकी तीनशे वेळा हात पुढे नेऊ शकतात. यंत्राकडे हात मागू नये, आवृत्त्या मागाव्यात. त्या आवृत्त्यांतून रोजचं काम घडवायला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा रोजची कामं पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (थोडक्यात ओटी) असतो.

हे ‘काम’ म्हणजे काय, ते परदेशी यंत्राच्या पडद्याला ठाऊक नसतं. तिथे सफरचंद तोडून टोपलीत टाकायचं असतं, स्टोव्हवर अंडं फोडायचं असतं. आमच्या काकांना उजव्या हाताने भात कालवून घास करायचा आहे. डाव्या हाताने जेवायची त्यांना इतकी लाज वाटते की पंगत असली की ते ‘भूक नाही’ म्हणतात. पोळीचा तुकडा एका हाताने मोडणं ही केवढी कसरत आहे ते बघा. अंगठा आणि तर्जनी ओढतात, बाकीची बोटं दाबून धरतात, आणि मनगट स्थिर. काट्याचमच्याच्या कुठल्या चाचणीत हे येतं? देवाची वात वळणं, गवार मोडणं, मटार सोलणं, साडीच्या निऱ्या घालणं, लोकलची कडी पकडणं. या कामांत आवृत्त्या भरपूर आहेत आणि स्वयंपाकघरात त्यांची सामग्री रोज येते. पवईच्या आयआयटीत २०१४ पासून ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणं घडवण्याचं केंद्र आहे. पोळी मोडण्याचं बळ मोजणारं काहीतरी त्यांनी करावं, असं मी हक्काने सुचवतो.

यंत्र विकताना एक गोष्ट सांगत नाहीत, ती इथे सांगायलाच हवी. हात किती येईल याचा बराचसा अंदाज पहिल्या ७२ तासांतच करता येतो, तोही फुकट. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या अभ्यासात, ज्यांना दुसऱ्या दिवशी बोटं थोडी तरी सरळ करता येत होती आणि खांद्यातून हात बाजूला नेता येत होता, त्यांच्या हाताला सहा महिन्यांत थोडंतरी कसब येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांत ती २५ टक्के होती. म्हणजे ज्या घराला महागडं यंत्र घेण्याचा सगळ्यात जास्त मोह होतो, त्याच घराला ते पुष्कळदा सगळ्यात कमी फळतं. चारांतल्या त्या एकासाठी झटायला हवंच. पण बाकीच्या तिघांचा फंड मोडायला लावण्याआधी त्यांना हा आकडा मराठीत, बसवून, समजावून सांगायला हवा.

आता जागेचा प्रश्न. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल यांनी २००५ आणि २००६ साली मुंबईतल्याच एका वॉर्डात घरोघरी पाहणी केली. पंचविशीपुढच्या लोकांत पहिल्यांदाच स्ट्रोक होणारे दरवर्षी लाखामागे सुमारे १४५ निघाले, आणि त्यातले जवळपास तीस टक्के २८ दिवसांत दगावले. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची वस्ती साडेत्र्याण्णव लाखांच्या घरात होती. ढोबळ हिशेब केला तरी महिना उलटून जगलेले काही हजार होतात, दरवर्षी, एकट्या उपनगरांत. आणि थेरपीची जुनी घराणी कुठे? भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईतच निघालं. ते काढणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. महापालिकेची अशी विद्यालयं परळला केईएममध्ये, मुंबई सेंट्रलला नायरमध्ये आणि शीवला. केंद्र सरकारची १९५५ पासूनची पुनर्वसन संस्था हाजीअलीला. मुलुंडच्या माणसाने हाजीअलीला जायचं म्हणजे दादरला पूल चढून गाडी बदलायची, महालक्ष्मीला उतरून पुढे टॅक्सी. एक हात लुळा, एक पाय ओढत, सोबतीला रजा टाकलेला मुलगा. तीस मिनिटांच्या थेरपीला चार तास. तिसऱ्या आठवड्यात माणूस जायचं सोडतो, आणि केसपेपरवर शेरा पडतो की पेशंट फॉलोअपला आला नाही.

म्हणून माझी मागणी एका मोठ्या रोबोटची नाही. घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल, विलेपार्ल्याचं कूपर, यांतल्या प्रत्येकात स्टेशनवरून रिक्षाने येता येईल अशी एक मोठी खोली असावी. दोन ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आठ-दहा साधी उपकरणं (स्प्रिंगचा टेकू, आरसा, विजेच्या हलक्या झटक्याने बोट उघडणारं स्टिम्युलेटर, हालचाल मोजणारा टॅब) आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गटागटाने चालणारा सराव. एका परदेशी यंत्रापायी जो पैसा आणि वर्षाच्या देखभालीचा करार जातो, त्यात अशा किती खोल्या भागतील याचा हिशेब महापालिकेने एकदा कागदावर मांडावा. विम्याचा न्यायही बघून घ्या. विमा नियामकाने २०१९ साली रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाही असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण घरी आल्यावर वर्षभर लागणाऱ्या साध्या ओपीडी थेरपीला बहुतेक पॉलिसी डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस संपले की हात वर करतात.

काकांच्या मोज्याचं पुढे काय झालं ते सांगतो. मी तो टाकून द्या म्हणणार होतो, पण नव्याने येऊ लागलेल्या ओटी ताईंनी मला गप्प केलं. त्या म्हणाल्या, ‘दहा मिनिटं राहू दे, बोटं सैल होतात. फक्त काका, तुम्ही टीव्ही बंद करायचा, आणि तो उघडेल तेव्हा तुम्हीही उघडायचं.’ नंतर मोजा काढायचा आणि समोर परातीत गवार. शेंगा मोडायच्या आणि मोजायच्या, मोडली नाही तरी प्रयत्न धरायचा. काकांचा अंगठा मुळात थोडा हलत होता म्हणून हे जमलं. पहिल्या दिवशी अकरा झाल्या आणि परात खाली पडली. परवा जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, आज किती?

‘एकशे चाळीस,’ काका म्हणाले. मागून काकू म्हणाल्या, ‘त्यातल्या साठ मी पुन्हा मोडल्या.’