समितीचा दौरा आणि साक्षीचे वजन

विधिमंडळाचे खरे हिशेबनीस सभागृहात नव्हे, समित्यांत बसतात. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते, अंदाज समिती काटकसर सुचवते, तर पंचायत राज समिती जिल्हा परिषदांचे लेखापरीक्षण आक्षेप चाळते. धुळे किंवा जळगावात दौरा आला की अधिकारी फायलींसह हजर होतात आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या आक्षेपांना उत्तरे शोधली जातात. खातेप्रमुख दाद देत नसेल, तर सचिवाला मुंबईत साक्षीला बोलावता येते. मात्र शिफारस बंधनकारक नसते. अमेरिकी सिनेटच्या समित्या नियुक्तीपूर्वी उमेदवाराची जाहीर सुनावणी घेतात. तसा अधिकार आपल्या समित्यांना नाही. विधान परिषदेतील 12 राज्यपालनियुक्त सदस्यही अशा छाननीविनाच येतात.

मे 2025 मध्ये अंदाज समिती धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहाच्या 102 क्रमांकाच्या खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाख रुपये सापडले. ही रक्कम समितीसाठी होती, हा आरोप समिती अध्यक्षांनी फेटाळला. मुख्यमंत्र्यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. समितीचा वचक तिच्या विश्वासार्हतेवरच टिकतो. म्हणून साक्षी खुल्या घ्याव्यात आणि शिफारशींवरील कार्यवाही मुदतीत जाहीर व्हावी.