किवीलाही आढी हवी

शहरातल्या फळवाल्याकडे आता मोसंबी-सफरचंदांच्या शेजारी ड्रॅगनफ्रूट, किवी, अ‍ॅव्होकाडो मांडलेले असतात. पावसाळ्यात केरळमधून आलेले रामबुतान आणि मँगोस्टीनही दिसू लागतात. माणसं कुतूहलानं एखादं फळ घरी नेतात, त्याच संध्याकाळी कापतात आणि ‘काही चवच नाही’ म्हणून बाजूला सारतात. दोष मात्र बहुतेकदा फळाचा नसतो, खाण्याची वेळ चुकलेली असते.

ज्या घरात हापूस आला की आढी लावली जाते, रोज एकेक आंबा हुंगून आणि देठाजवळ चाचपून पाहिला जातो, त्या घराला हे नव्यानं शिकवायला नको. तोच धीर या नव्या फळांच्या बाबतीतही धरायला हवा.

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच मऊ पडू लागतो. किवीही कडक असतानाच काढतात. दोन्ही फळं कागदी पिशवीत एखाद्या पिकल्या केळ्यासोबत ठेवली, तर केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं ती लवकर पिकतात. बोटानं हलकेच दाबल्यावर दबली, की कापायला हरकत नाही. पॅशन फ्रूट घेताना लोक तुकतुकीत फळ निवडतात आणि सुरकुतलेलं परत टाकतात. वास्तविक साल सुरकुतली की आतला गर जास्त गोड लागतो.

ड्रॅगनफ्रूटला मात्र आढीचा उपयोग नाही. तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी लवकर तोडलेलं फळ फिकंच राहतं. सांगली, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या या निवडुंगाची फळं पावसाळ्यात बाजारात येतात. ती पूर्ण रंगल्यावर तोडता येतात, म्हणून आधी तीच चाखावीत. लाल गराचं फळ भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली, तर घाबरू नये. बिटासारखाच तो फळातला रंग असतो.

या सगळ्यांत घरी सावकाश उघडून पाहावं असं फळ म्हणजे मँगोस्टीन. ते उलटं धरलं की तळाशी फुलाच्या आकाराची एक खूण दिसते. तिच्या पाकळ्या मोजाव्यात. आत पाकळ्या तेवढ्याच निघतात. मुलांना आधी मोजायला लावून मग फळ उघडलं, तर वनस्पतिशास्त्राचा एक धडा ताटलीतच होतो. साल किंचित दबणारी हवी, कारण फळ जुनं झालं की ती वाळून टणक होते. दोन्ही तळव्यांत दाबून ती फोडली की जांभळ्या कवचात पांढऱ्याशुभ्र पाकळ्या दिसतात. त्यांची चव गोड, पण मागे हलका आंबटपणा ठेवणारी. सालीचा रस कपड्यावर पडला तर डाग सहजी जात नाही, हे कोकम फोडणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. मँगोस्टीन आणि कोकम एकाच गार्सिनिया प्रजातीतली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून चाखली, तर हे नातं जिभेलाही कळतं.

काही पथ्यंही पाळावीत. किवीत प्रथिनं फोडणारं अ‍ॅक्टिनिडिन हे विकर असतं. त्यामुळे ताज्या किवीचं मिल्कशेक करून ठेवलं की ते कडू होतं. करायचंच तर लगेच प्यावं. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अजिबात खाऊ नये. त्यातली द्रव्यं अशा रुग्णांच्या शरीराबाहेर टाकली जात नाहीत आणि थेट मेंदूवर परिणाम करतात. हौसेपोटी पाहुण्यांसमोर फळांची ताटली ठेवणाऱ्यांनी हे विचारून घ्यायलाच हवं.

‘आपली फळं असताना हे परदेशी लाड कशाला?’ असा सूर निघतो. पण पेरू, पपई, सीताफळ, अननस, चिकू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. त्यातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला आज भौगोलिक मानांकन आहे. परकेपणाचा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. खर्चाचा आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासाचा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. रामबुतान आणि मँगोस्टीन केरळमध्ये होतात, किवी अरुणाचल आणि हिमाचलमध्ये, पॅशन फ्रूट ईशान्येत आणि कोडगूत. हंगाम पाहून एकच फळ आणावं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खावं. खिशालाही ते परवडतं.

विक्रेत्यांनीही थोडी जबाबदारी घ्यावी. फळावरच्या स्टिकरवर देश आणि कंपनी छापलेली असते. फळ कधी खावं, हे कुठेच नसतं. प्रत्येक टोपलीवर मराठीत चार ओळींची पाटी लावायला फारसा खर्च येत नाही: फळ कुठून आलं, घरी पिकतं की नाही, पिकल्याची खूण कोणती आणि कोणी खाऊ नये.